तापलेल्या हवेचा जमाखर्च

वैशाखातील दुपारी बारा ते चार या वेळात धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर, मुकटी-पारोळ्यापासून एरंडोल-पाळधीपर्यंत, डांबरावर मृगजळ हलत असते, रस्त्याकडेच्या निंबाची सावली त्याच्या बुंध्याशी आखडून बसलेली असते आणि पारा ४५ अंशांवर टेकलेला असतो. ज्याने आपली टर्बोची गाडी पौषातल्या पहाटे याच रस्त्यावर चालवली असेल, त्याला अशा दुपारी एक फरक चटकन जाणवतो : गाडी तीच, पेट्रोल तेच, चालवणाराही तोच, परंतु केळीच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी पाय दाबला असता जी उसळी पौषात आपोआप मिळाली होती, ती वैशाखात मागूनही मिळत नाही. जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात हीच तक्रार घेऊन आलेल्या एका तरुणाला तेथल्या वयोवृद्ध मिस्त्रीने बॉनेट न उघडताच दिलेले उत्तर मी स्वतः ऐकले आहे. "हवाच तापी जायेल शे, भाऊ, गाडी काय करी!" असे तो म्हणाला, आणि तरुणाने लगेच विचारले, "मग मोठा इंटरकूलर टाकू का, काका?" मिस्त्रीच्या त्या एका वाक्यात या विषयाचे सारे शास्त्र आहे, आणि तरुणाच्या प्रश्नात या विषयातील सारा मोह आहे; प्रस्तुत प्रकरण त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यासाठी लिहिले आहे.

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो खरे, पण एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते, आणि म्हणून इंजिनाच्या शक्तीची खरी सीमा इंधनाच्या टाकीत नसून सिलिंडरात एका वेळी किती हवा मावते यात असते. ही सीमा ओलांडण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली आपल्या एकस्वात मांडली. म्हणजे इकडे सरकारदप्तरी विशाल खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्य ठिकाणे ठरली, त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू वाया न घालवता त्याच्या वेगाने एक चक्र फिरवावे, आणि त्या चक्राच्या आसावरच बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी, अशी ती युक्ती. आज ज्याला आपण टर्बो म्हणतो आणि ज्याची बारीक शीळ चढावर ट्रकच्या पोटातून ऐकू येते, तो हाच. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच सिलिंडरात जवळजवळ दुप्पट हवा बसावी, असा सरळ हिशेब; परंतु निसर्ग हा हिशेब इतका सरळ ठेवत नाही. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे तोंड हाताला चटका देते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हवा दाबली की ती तापते हे सांगावे लागत नाही. आणि तापलेली हवा पसरते, विरळ होते, म्हणजे दाबून जे मिळवले त्यातला बराच भाग उष्णता परत घेऊन जाते. दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी तिला पुढच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्यावर निववणारे जे अॅल्युमिनियमचे यंत्र, तेच इंटरकूलर.

आता आपल्या मुलखाचे आकडे घेऊन पाहू. मे महिन्यातील ४५ अंशांची हवा टर्बोत शिरली, टर्बोने तिचा दाब दुप्पट केला आणि त्या टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के आहे असे धरले, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १४५ अंशांची असते. पाणी उकळण्याच्या मर्यादेच्याही पुष्कळ पलीकडची. जानेवारीतल्या १२ अंशांच्या पहाटे हाच टर्बो तेवढ्याच दाबाला हवा सुमारे १०१ अंशांपर्यंत तापवतो. दोन्ही वेळा इंटरकूलर एकच, आणि टर्बोने घातलेल्या उष्णतेपैकी ७० टक्के तो काढून घेतो असे मानले, तर मे महिन्यात इंजिनाला ७५ अंशांची हवा मिळते व जानेवारीत ३९ अंशांची. या दोन हवांच्या घनतेत सुमारे ११ टक्क्यांची तफावत पडते. त्यातच गरम हवेबरोबर शिरलेले पेट्रोल ठिणगीपासून पसरत येणाऱ्या ज्योतीची वाट न पाहता मध्येच भडकू लागते, इंजिन ठोकू लागते, आणि ते वाचवण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे ओढून आणखी शक्ती कापतो. पौष आणि वैशाख यांच्यातला तो फरक चालकाच्या मनाचा खेळ नव्हता.

या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे की ती ध्यानात ठेवल्याशिवाय इंटरकूलर विकत घेण्यास निघू नये. बाहेरच्या हवेचे जे ४५ अंश, ते या व्यवहारातले मुद्दल आहे. टर्बोने त्यावर चढवलेले १०० अंश हे व्याज आहे. आणि इंटरकूलर कितीही मोठा, कितीही महाग आणला, तरी त्याला सूट देता येते ती फक्त व्याजात. मुद्दलाला तो हात लावू शकत नाही, कारण ज्या वाऱ्याने तो हवा निववतो तो वाराच ४५ अंशांचा असतो, आणि तापल्या डांबराच्या अगदी लगतचा तर त्याहून अधिक. तेव्हा लोणावळ्याच्या थंडीत किंवा युरोपातील एखाद्या देशात एखाद्या इंटरकूलरने काय करून दाखवले याच्या वर्णनावर खानदेशच्या गिऱ्हाइकाने विसंबू नये. त्याने विचारावयाचा प्रश्न एवढाच, की हा इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश वर हवा आणून सोडतो, आणि हे काम करताना वाटेत किती दाब खातो.

मोठा इंटरकूलर बसवल्याने गाडी बलवान होते ही समजूत कोठून आली, ते पाहण्यासाठी एका प्रसिद्ध उदाहरणाकडे जावे लागेल. पोर्शे कंपनीची ९११ टर्बो १९७५ साली आली तेव्हा तिच्यात इंटरकूलर नव्हता, आणि तीन लिटरचे ते इंजिन २६० अश्वशक्ती देत असे; १९७८ साली मागच्या पंखाखाली इंटरकूलर बसवून तीच गाडी ३०० अश्वशक्तीची झाली. हे आकडे शर्यतीच्या शौकिनांच्या तोंडी असतात, परंतु त्याच वेळी इंजिनाचे आकारमान ३.३ लिटर करण्यात आले होते आणि संपीडनाचे प्रमाणही वाढवले होते, हा भाग सांगताना बहुधा गळतो. दुसरे उदाहरण आपल्या भुसावळच्या रुळांवरचे आहे, आणि मला ते पोर्शेपेक्षा अधिक बोधप्रद वाटते. सुरत-भुसावळ मार्गावर विजेच्या तारा येण्यापूर्वी ज्या डिझेल इंजिनांनी गाड्या ओढल्या, त्यांतील डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन सोळा सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे, आणि टर्बोमागोमाग पाण्याने निववणारा आफ्टरकूलर, म्हणजे इंटरकूलरच, असलेले होते. पुढे रेल्वेने याच घराण्यातील इंजिन ३१०० अश्वशक्तीपर्यंत नेले, तेव्हा अधिक कार्यक्षम टर्बो, बदललेला इंधनपंप आणि मोठा आफ्टरकूलर या तिन्हींची तजवीज एकत्र केली. एकट्या मोठ्या आफ्टरकूलरने ५०० अश्वशक्ती वाढतील असे रेल्वेच्या कोणत्याही अभियंत्याने मानले नाही. इंटरकूलर स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. टर्बोने मिळवलेली शक्ती वाटेत गळू देत नाही, एवढेच त्याचे काम, आणि ते फार मोलाचे आहे.

खरेदीस निघण्यापूर्वी आपल्या गाडीत सध्या काय आहे ते पाहावे, कारण सर्व टर्बो गाड्यांची घडण एक नाही. २०१३ साली आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांत दाबलेली हवा पाण्याने निववली जाते आणि तो कूलर हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या पोटातच बसवलेला असतो. तेथे पुढच्या बंपरमागे एक मोठी चौकट बसवली म्हणजे काम झाले असे होत नाही, आणि सुधारणा करावयाची तर ती त्या पाण्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये वा त्याच्या पंपात करावी लागते. उलट, २०१७ साली २३० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस किंवा २०२१ सालची ह्युंदाई आय-२० एन लाइन यांत वाऱ्याने निवणारा कूलर पुढे असतो, व त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. तिसरी तऱ्हा खानदेशात घरोघरी ओळखीची आहे : नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओच्या बॉनेटवर जो उंच जबडा अनेक वर्षे होता, आणि ज्याला पुष्कळ लोक शोभा समजत, तो इंजिनाच्या डोक्यावर आडव्या बसवलेल्या इंटरकूलरला वारा पोचवण्यासाठी होता. या रचनेत हवेची वाट आखूड राहते हा गुण. पण गाडी धावत असेतोवर ठीक, आणि लग्नाच्या वरातीमागे अर्धा तास रांगली की खालच्या इंजिनाची धग त्याच इंटरकूलरमध्ये चढून बसते, हा दोष.

वाऱ्याने निवणाऱ्या इंटरकूलरमध्येही दोन कुळी आहेत. एकीत चपट्या पातळ नळ्या आणि त्यांच्यामध्ये नागमोडी पातळ पत्रे असतात. हिला ट्यूब-अँड-फिन म्हणतात, ती हलकी असते, आणि कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत हीच असते. दुसरीत अॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचून भट्टीत सांधलेले असतात; ही बार-अँड-प्लेट, जड आणि दणकट, व बाजारात 'अपग्रेड' म्हणून जे मिळते ते बहुधा या कुळीतले. या दोहोंतील भेद खानदेशच्या माणसाला पाठ्यपुस्तकाशिवाय समजू शकतो, कारण त्याने धाब्याचे घर आणि पत्र्याचे घर ही दोन्ही पाहिलेली आहेत. धाब्याच्या घराच्या हातभर जाड मातीच्या भिंती भर दुपारचे ऊन पोटात घेतात आणि आत गारवा राखतात; परंतु तेच ऊन त्या रात्री उशिरापर्यंत हळूहळू परत देत राहतात, म्हणून तर गच्चीवर बाजा पडतात. पत्र्याचे घर दहा वाजताच तापते, पण सूर्य मावळला की घटकाभरात निवतेही. बार-अँड-प्लेट हे धाब्याचे घर आहे, आणि ट्यूब-अँड-फिन पत्र्याचे.

याला आकड्यांची जोड दिली म्हणजे निवड सोपी होते. २३० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालताना दर मिनिटास सुमारे १० किलो हवा आत घेते, आणि ती १४५ अंशांवरून ७५ वर आणावयाची तर सुमारे १२ किलोवॉट उष्णता काढावी लागते. घरातल्या बारा इस्त्र्या एकदम लावाव्यात, तेवढी. बाहेरचा वारा काहीच करीत नाही असे घटकाभर धरले, तरी ८ किलो वजनाचा जड गाभा स्वतः ३० अंश तापेपर्यंत ही सारी उष्णता सुमारे १८ सेकंद पोटात घेऊ शकतो, आणि ४ किलोचा हलका गाभा सुमारे ९ सेकंद. चोपड्याच्या वा यावलच्या दुपदरी रस्त्यावर ट्रॅक्टर मागे टाकण्यास जो वेळ लागतो तो साधारण इतकाच. म्हणजे अशा झटक्याच्या कामात वजनाचा उपयोग आहे, आणि मूळचा कूलर निरोगी असेल तर बहुतेकांचे तेवढ्यावर भागतेही. परंतु शिरपूर-पळासनेर ओलांडून बिजासन घाटाचा चढ लागला, किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात गाडी भरून वर न्यावयाची झाली, म्हणजे भार सेकंदांचा न राहता मिनिटांचा होतो. तेथे भिंतीचे पोट केव्हाच भरलेले असते, आणि पुढे किती रुंद तोंडाने किती वारा आत घेतला जातो यावरच सारे येऊन ठरते. म्हणून मी तरी जाडीपेक्षा रुंदी-उंचीला अधिक मान देईन. गाभ्याची जाडी एका मर्यादेपुढे वाढवली की पुढच्या थरांनी तापवलेला वाराच मागच्या थरांना मिळतो, आणि त्या मागच्या अॅल्युमिनियमचे पैसे देऊन मिळते ते केवळ ओझे. शिवाय जड गाभा एकदा तापला, आणि जळगावात आकाशवाणी चौकापासून इच्छादेवी चौकापर्यंतच्या गर्दीत अडकला, की निवण्यासही तो तितकाच आळशी असतो. ज्याची गाडी आठवड्यातून सहा दिवस गावात फिरते त्याने आठ किलोचा गाभा घेण्याआधी याचा विचार करावा.

आता दाबाकडे वळू. या विषयातील सर्वांत अधिक दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब हीच होय. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी बागायतदारास ठिबकची नळी किती लांब टाकावी हे कोणी शिकवावे लागत नाही. नळी प्रमाणाबाहेर लांबवली की विहिरीजवळची झाडे पितात आणि बांधाजवळची तहानलेली राहतात, कारण पाण्याचा दाब नळीच्या घर्षणात वाटेतच खर्च झालेला असतो. इंटरकूलरच्या आत असेच घडते. हवा अधिक निवावी म्हणून नळ्यांच्या आत अडथळ्यांचे बारीक पत्रे दाटीने घालतात. हवा त्यांच्यावर आपटत, वळसे घेत जाते, तिची उष्णता अधिक निघते, आणि त्याच घुसळणीत तिचा दाबही उतरतो. समजा, जुना कूलर व्याजातून ६० टक्के सूट देत होता आणि नवा ८० टक्के देतो. मेच्या दुपारी हवा ८५ अंशांऐवजी ६५ अंशांवर आली, आणि घनता सुमारे ६ टक्के वाढली. लाभ चांगला आहे. परंतु तोच नवा कूलर जुन्यापेक्षा दर चौरस इंचास दोन पौंड दाब अधिक खात असेल, तर दुप्पट दाबाच्या, म्हणजे एकूण सुमारे २९ पौंडांच्या हवेतून ७ टक्के वजा झाले. मिळवले सहा, घालवले सात. गाडीचा संगणक ही वजावट सोसून घेत नाही. तो टर्बोला आणखी जोराने फिरवून इंजिनापाशी ठरलेला दाब पोचवतो. मग टर्बोला दोन पौंड जादा दाबावे लागतात, आणि आपल्या ४५ अंशांच्या हवेत त्या दोन पौंडांपायी टर्बोतून निघणारी हवा सुमारे १० अंश अधिक तापते. ज्या व्याजात सूट मागावयास गेलो, ते व्याजच वाढले.

म्हणून विक्रेत्याने गाभ्याची लांबी, रुंदी, जाडी सांगितली, चकाकणारी टाकी दाखवली, तरी आपण नम्रपणे पण आग्रहाने एकच कैफियत मागावी : अमुक इतक्या हवेच्या प्रवाहाला हा कूलर किती पौंड दाब खातो? एक ते दीड पौंड हे उत्तर समाधानाचे. तीन पौंडांच्या वर गेले तर तो कूलर कितीही थंड करो, आपल्या कामाचा नाही. ज्याच्यापाशी हा आकडा नाही, त्याने तो मोजलेला नाही एवढे समजावे. दोन्ही बाजूंच्या टाक्यांकडेही लक्ष द्यावे. मूळच्या गाड्यांत त्या पुष्कळदा प्लास्टिकच्या असून अॅल्युमिनियमच्या कडा मुडपून त्यांवर बसवलेल्या असतात; चांगल्या बदली कूलरमध्ये त्या ओतीव अॅल्युमिनियमच्या, आतून गुळगुळीत, आणि हवा सर्व नळ्यांत सारखी वाटली जावी अशा उताराच्या असतात. चौकोनी पेटीसारखी टाकी, आणि हवेचे तोंड तिच्या एका कोपऱ्यात, अशी रचना असेल तर अर्ध्या नळ्यांना सारा भार आणि अर्ध्या रिकाम्या, अशी स्थिती होते. मोठ्या कूलरमुळे टर्बोचा प्रतिसाद मंदावतो अशी एक भीती सर्वत्र ऐकू येते. ती वाजवीपेक्षा मोठी आहे. पाच-सहा लिटरची जादा पोकळी पूर्ण प्रवाहात भरण्यास सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो.

जागेचा प्रश्न खानदेशात इतर ठिकाणांहून बिकट होतो, आणि त्याचे कारण एसी आहे. गाडीच्या नाकाशी एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर हे तिघे एकामागे एक उभे असतात, आणि वारा एकच. पुढचा जे ऊन टाकतो ते मागच्याला सोसावे लागते. मे महिन्यात एसी बंद ठेवून गाडी चालवणारा मनुष्य खानदेशात मिळणार नाही. अशा वेळी रेडिएटरचे अर्धे तोंड झाकणारा जाड इंटरकूलर पुढे आणून बसवला, तर हवा निवेल पण पाणी उकळेल, आणि लळिंगचा साधा चढही गाडीला जड जाईल. कूलर बसावा म्हणून बंपरमागची लोखंडी आडवी पट्टी कापण्याचा सल्ला कोणी देईल. तो मुळीच मानू नये, कारण अपघातात पहिला आघात तीच पट्टी अंगावर घेते.

दुसरी अडचण कापसाची. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की त्या परिसरात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, रस्त्याने गाठोड्यांचे टेम्पो धावत असतात, आणि ते तंतू, त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यावर पावसाळ्यातले किडे, असा एक नमदा जाळीवर हळूहळू बसत जातो. दाट जाळीचा कूलर कागदावर अधिक उष्णता टाकतो हे खरे. पण आमच्याकडे तो एका हंगामात बुजतो, आणि बुजलेली दाट जाळी मोकळ्या विरळ जाळीपेक्षा कितीतरी निरुपयोगी असते. म्हणून मी थोड्या मोकळ्या जाळीचा कूलर सुचवीन, आणि जो कोणता असेल तो वर्षातून दोनदा, मागून पुढे, कमी जोराच्या पाण्याने धुवावा असे सांगेन. धुण्याच्या दुकानातला जोराचा फवारा त्या पातळ पत्र्यांना आडवे पाडतो. आत तेलाचा पातळ ओलावा असणे स्वाभाविक आहे, मात्र वाटीभर तेल निघाले तर दोष कूलरचा नसून बहुधा टर्बोचा समजावा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ कायम केला. तेव्हा गाडी एमएच-१८ ची असो वा एमएच-१९ ची, बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करून उत्तर लेखी घ्यावे, व मूळचा कूलर विकून न टाकता माळ्यावर जपून ठेवावा.

सर्वांत शेवटी रुजुवात. नवा कूलर बसवण्यापूर्वीच जुन्याची मोजणी करून ठेवली नाही, तर पुढे झालेला लाभ हा खरा की खर्चाने आलेला भास, हे कळण्यास मार्ग उरत नाही. आजच्या गाड्या आत जाणाऱ्या हवेचे तापमान स्वतःच मोजतात, आणि स्टिअरिंगखालच्या जोडणीत एक लहानसे यंत्र लावले की तो आकडा मोबाइलवर दिसतो. तोच चढ, तोच गिअर, तोच वेग, गाडीत तेवढीच माणसे आणि दिवसाची तीच वेळ. शेजारी बसणाऱ्याने वहीत बाहेरचे तापमान, चढापूर्वीचा आकडा, माथ्यावरचा आकडा, आणि तो पुन्हा खाली येण्यास लागलेली मिनिटे लिहावीत. बाहेरच्या हवेशी असलेला फरकच तेवढा पाहावा, नुसता आकडा नव्हे.

त्या तरुणाला मिस्त्रीने हेच सांगितले, फक्त कमी शब्दांत. आणि मग नव्या कूलरचे बोलणे बाजूला ठेवून जुना खाली उतरवला. जाळीचा खालचा तिसरा हिस्सा राखाडी नमद्याने पार झाकलेला होता. नखाने ओढला तसा तो कापसाच्या पेळूसारखा सलग निघून आला, आणि त्यात एक अख्खा टोळ होता. नंतर त्याने दोन्ही तोंडांत रबरी बूच क्लॅम्पने आवळून बसवले, एकात ट्यूबचा व्हॉल्व्ह होता त्यातून हवा भरली, आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा तो कूलर सिमेंटच्या हौदात हलकेच आडवा बुडवला. प्रथम अडकलेली हवा भसकन वर आली. ती निवळल्यावर, जेथे प्लास्टिकच्या टाकीवर अॅल्युमिनियमची कड मुडपली होती त्या रेषेतून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक, न थांबता, वर येऊ लागले. तरुण वाकून पाहत राहिला. मिस्त्रीने कूलर बाहेर काढून त्या जागी खडूने खूण केली. ओल्या धातूवर ती उमटेना, तेव्हा खांद्यावरच्या फडक्याने कड नीट पुसली आणि पुन्हा केली.